मामाच्या गव्हाचं पाणी

हौशीराम मिस्त्रीला दोन घास कमी मिळाले तरी चालायचं, पण चार शब्द कमी बोलून भागायचं नाही. घोडनदी भीमेला मिळते त्याच्या थोडं अलीकडं, शिरूर तालुक्याच्या पार टोकाला बोरमळा म्हणून पंधरा-वीस घरांची वस्ती होती. कागदावर तालुका शिरूर, पण दवाखाना, कापडचोपड आणि सोयरीक सगळं दौंडला. त्या बोरमळ्यात डिझेलचं इंजिन आणलं ते हौशीरामनं. आणलं म्हणजे काय, लोकांच्या गळ्यात बांधलं म्हणा ना.

त्याचा बाप लवकर गेला. आई त्याला घेऊन भावाकडं आली आणि दोन वर्षांत तीही गेली. म्हाळूमामाला आणि आक्काबाई मामीला मूलबाळ नव्हतं, त्यांनी ह्यालाच पोटचं मानलं. मामाची विहीर, मामाची मोट, मामाचे बैल, सगळ्यांवर ह्याचा हक्क. बैल धावेच्या उतरणीला लागले की मोटेच्या जाड दोरावर मामा बसायचा आणि पुढं ह्याला बसवायचा. पण पोराचं मन बैलात कधी रमलंच नाही. शाळा सुटली तसा तो दौंडला बाळासो मिस्त्रीच्या वर्कशॉपात चिकटला आणि सहा-सात वर्षांनी परत आला तो इंजिनाचा पक्का मिस्त्री होऊन. शिरूरच्या एका दुकानदारानं त्याला इंजिनं खपवायला सांगितली. मग काय विचारता, आधीच मर्कट, तशात मद्य प्याला.

ज्याच्या त्याच्या बांधावर जाऊन तो सांगायचा की बैल उभा राहिला तरी खातो, इंजिन उभं राहिलं की उपाशी बसतं. बैल म्हातारा होतो, इंजिनाला नुसता नवा पिस्टन टाकला की ते पुन्हा तरणं. बायका हसायच्या, बाप्ये मान हलवायचे. एकेकानं बैल विकले, मोटा अडगळीत टाकल्या आणि चार-पाच वर्षांत मळ्यात पाच इंजिनं झाली. राहिला होता एकटा म्हाळूमामा. मिस्त्रीचा सख्खा मामा मोट हाकतो म्हणून लोक हौशीरामची टर उडवायचे, आणि त्याला ते फार लागायचं.

बहात्तरचा दुष्काळ आला तेव्हा मामानं बैल छावणीवर नेले आणि सात-आठ महिने त्यांच्याबरोबर तिथंच राहिला. इकडं मामी रस्त्याच्या कामावर खडी फोडत होती. दोघांनी मिलोच्या, म्हणजे अमेरिकेतून आलेल्या तांबड्या ज्वारीच्या भाकरी खाल्ल्या, सरकारी सुकडी खाल्ली. त्या मिलोच्या भाकरीला मामी हात जोडायची, पण तोंड वाकडं करूनच. पुढच्या साली पाऊस झाला, विहिरी भरल्या. ज्यांनी दुष्काळात जित्राबं जगवली त्यांचं लोकांनी कौतुक केलं, आणि नेमकं त्याच दिवाळीत मामानं जगवलेले बैल बाजारात नेऊन विकले. का विकले? तर भाच्याला लोक हसतात म्हणून. दुसरं काही कारण नव्हतं.

हौशीरामच्या अंगावर मूठभर मांस चढलं. मामाच्या विहिरीवर त्यानं स्वतःच्या हातानं इंजिन बसवलं, नारळ फोडला. पंपाच्या तळाच्या झडपेला चामड्याची चकती लागते, ती मळ्यातल्या सगळ्याच पंपांची झिजली होती. ह्यानं काय करावं? मामाची चामड्याची मोट उचलली, उंबऱ्यावर पसरली आणि धारदार पटाशीनं तिच्या गोल गोल चकत्या कापल्या. सहा पंपांना पुरून उरल्या. मामा शेजारी बसून बघत होता. एवढं चामडं वाया न जाता कामाला आलं हे बरं झालं, असं तो म्हणाला.

त्याच सुमाराला सोपानराव गुरुजी शाळेपुढं वर्तमानपत्र वाचून दाखवायला लागले. अरबांनी लढाईपायी तेलाची तोटी आवळली होती. गुरुजींनी वर आणखी सांगितलं की आज तोटी आवळली ती उद्या सुटेलही, पण कधी ना कधी जगातलं तेल कमी व्हायला लागणारच. विहिरीला झरा असतो, पाऊस पडला की ती भरते. जमिनीखालच्या तेलाला झरा नाही, उपसलं तेवढं गेलं. हौशीराम तिथं होता. त्यानं गुरुजींना हसत हसत विचारलं, कुठं अरबस्तान आणि कुठं बोरमळा, तिकडचा माणूस शिंकला म्हणून आपण का नाक पुसायचं? सगळे हसले. गुरुजींनी पेपराची घडी घातली आणि मुलांना पाढे म्हणायला लावले.

संक्रांत गेली आणि नाक पुसायची वेळ आली. पंपावर डिझेल मिळेना. तहसीलचं परमिट काढायला शिरूरला हेलपाटे, परमिट मिळालं तर पंपावर कॅनची रांग, रांग सरकत सरकत आली की टाकी रिकामी. एक एक करून मळ्यातली इंजिनं बंद पडली. आधी दिवसभर ती फटफट आवाज करायची, आता सगळा शिवार गप्प झाला. पलीकडच्या काठावर कुणी खाकरलं तरी इकडं ऐकू यायचं. ज्यांनी बैल विकले होते ते एकमेकांच्या तोंडाकडं बघायला लागले, आणि मग सगळे मिळून हौशीरामच्या तोंडाकडं.

माणूस बोलका असला की अशा वेळी पुढं होतोच. हौशीरामनं इंजिनवाल्यांना मामाच्या विहिरीवर जमवलं आणि नेम घालून दिला. आपण सहा जण वेगवेगळे धावलो तर एकालाही पुरणार नाही, तेव्हा ज्याला मिळेल त्यानं सगळ्यांचं म्हणून आणावं आणि ज्याच्या पिकाची नड मोठी त्याला आधी पाणी द्यावं. त्याचे शब्द पुढं कितीतरी दिवस लोकांच्या तोंडात होते. तो म्हणाला होता, "ज्याच्या हाताला डिझेल लागंल त्यानं ते थेट विहिरीवर आणायचं. घरात न्यायचं न्हाई. घरात नेलं की मन फिरतं."

सगळ्यांत मोठी नड मामाच्या गव्हाची होती, ह्यावर कुणाचंच दुमत नव्हतं. दीड एकर गहू ओंबीवर आला होता, दाण्यात नुकतं दूध भरत होतं. ह्या वेळी एक पाणी मिळालं तर दाणा टपोरा होतो, हुकलं तर चिंबतो, आणि मग आभाळ कोसळलं तरी तो भरत नाही. दुष्काळानंतरचा तो मामीचा पहिला घरचा गहू होता. वर्षभर मिलो खाल्लेली बाई रोज सकाळी ओंबी दाबून दूध बघायची.

आठवड्याभरानं हौशीराम सायकल मारत दौंडला गेला. पंपावर मिळालं नाहीच, पण बाळासो मिस्त्रीनं जुन्या चेल्याची कीव केली. वर्कशॉपासाठी ठेवलेल्यातलं वीस लिटर त्याला एका कॅनमध्ये भरून दिलं आणि बजावलं की कुठून आणलं ते कुणाला बोलू नकोस, नाहीतर उद्या माझ्या दारात रांग लागेल. हौशीरामनं कॅनवर पोतं टाकलं, कॅरिअरला दोरीनं आवळलं आणि निघाला. वाटेनं त्याच्या मनात दुसरं काही नव्हतं हो. थेट मामाच्या विहिरीवरच जायचं होतं. कॅन बघून मामा काय म्हणेल, मामी कशी कडाकडा बोटं मोडेल, हेच त्याच्या डोळ्यांपुढं होतं.

मधे त्याचा स्वतःचा कांदा लागला.

हा कांदा म्हणजे हौशीरामचा तोरा. आयुष्यात पहिल्यांदा त्यानं रान कसलं होतं, आणि तेही ऐन रस्त्याला. मिस्त्री कसली शेती करतोय म्हणणाऱ्यांना त्यानं त्या हिरव्यागार वाफ्यांपुढं उभं करून गप्प केलं होतं. इंजिन घ्यायला आलेल्या गिऱ्हाइकाला तो आधी कांदा दाखवायचा, मग इंजिन. आता त्याच कांद्याच्या पातीचे शेंडे पिवळे पडून मान टाकायला लागले होते. हौशीराम सायकलवरून उतरला, एक पात बोटांत धरून उभा राहिला. इंजिनवाल्याचंच रान वाळलं तर उद्या त्याचं इंजिन घेईल कोण? गव्हाला दीड दिवस लागेल. तेवढ्यात आपला कांदा काही मरत नाही, पण चारचौघांत जरा सुकलेला दिसेल. बस, एवढंच होतं सगळं. पीक जायची भीती नव्हती, चारचौघांत दिसायची होती.

त्यानं सायकल घराकडं वळवली. सकाळी बघू, असं तो स्वतःला म्हणाला. बायको अंजना दारात होती. कॅन बघून तिनं विचारलं, हे मामांच्या विहिरीवर न्यायचं ना? त्यानं तिला सांगितलं की दमलोय, उद्या नेतो. आणि कॅन कडब्याच्या गंजीत सरकवला.

दुसऱ्या दिवशी तो तोंड धूत होता तेव्हाच मामा आला. मामानं अगदी सहज विचारलं, लागलं का रं काही हाताला? आता इथं 'व्हय' म्हणायला जीभ कितीशी हलवावी लागते? पण मग लगेच पुढचा सवाल आला असता, काल आणलंस तर विहिरीवर का नाही आलास? हौशीरामच्या तोंडून 'न्हाई' गेलं. ठरवून गेलं नाही, पण गेलं. मामा म्हणाला, असू दे, तू एवढा उन्हातान्हाचा गेलास हेच लई झालं. आणि त्याच्या पाठीवर हात ठेवून निघून गेला.

आता पुढची गंमत ऐका, गंमत म्हणायची तर. डिझेल घरात आहे, कांद्याला पाणी पाहिजे, इंजिन त्याच्या विहिरीवर तयार आहे, आणि ते चालू करता येत नाही. सगळा शिवार चिडीचूप. हौशीरामनं हँडल मारलं की पहिल्या फटक्याला पार नदीपलीकडं कळणार की मिस्त्रीकडं डिझेल आलं. चोरलेली भाकरी गुपचूप खाता येते, पण चोरलेलं डिझेल जाळायचं म्हणजे गावभर दवंडी पिटायची. त्याचं त्याला हे आधी सुचलंच नव्हतं. अंजनाला मात्र पहिल्या घटकेला सुचलं. ती म्हणाली, "लावा की इंजिन. का? हात बांधलेत कुणी?" त्यानंतर ती दोन दिवस त्याच्याशी कामापुरतंही बोलली नाही.

मधल्या दिवसांत मामी एकदा विरजण मागायला आली. बसली, पाणी प्यायली. गव्हाची काय गत आहे ते तिनं सांगितलं नाही आणि हौशीरामनंही विचारलं नाही. तो आपला गंजीकडं पाठ करून, ती दिसू नये असा मधे बसून राहिला. मामी उठताना म्हणाली की तू असा का रे सुकलास, जेवतोस ना? त्या रात्री तो पानावरून तसाच उठला. सकाळी कॅन काढायचा, मामाच्या पायावर डोकं ठेवायचं, असं त्यानं दहादा ठरवलं. पण सकाळ झाली की तोच विचार यायचा. लोकांना काय सांगायचं? नेम घालून दिला तो आपणच, आणि मोडलाही आपणच. एक दिवस गेला म्हणून दुसरा लपवायचा, दोन गेले म्हणून तिसरा. लाज वाढत गेली तसतसा कॅन गंजीत आणखी आत गेला.

चौथ्या दिवशी सकाळी त्याला एक आवाज आला. करकर, करकर. मोटेचं लाकडी चाक फिरत होतं. बैल नाहीत, मोट नाही, मग चाक कसं फिरतंय? तो तसाच अनवाणी मामाच्या विहिरीकडं निघाला.

मामा विहिरीच्या काठावर वाकून उभा होता. जुन्या दोराला त्यानं पत्र्याचा चौकोनी डबा बांधला होता. आणि धावेच्या उतरणीवरून, जिथून बैल चालायचे तिथून, आक्काबाई मामी तो दोर खांद्यावर घेऊन ओढत होती. खांद्यावर पोत्याची घडी, पदर कमरेला खोचलेला, पाय मातीत रोवलेले. ती पार खाली गेली की डबा वर यायचा, मामा तो काठावरच्या थारोळ्यात, दगडी कुंडीत, पालथा करायचा, मग ती उलटी वर चढून यायची. पुन्हा खाली. पाणी पाटानं निघायचं आणि वाफ्याच्या तोंडाशी पोचेपर्यंत अर्धं जिरायचं. पहाटेपासून त्यांचे दोन वाफे भिजले होते.

हौशीरामला बघून मामाचा चेहरा फुलला. त्यानं कौतुकानं सांगितलं की बघ, चाक अजून फिरतंय, जुनं लाकूड लई इमानी. मी ओढत होतो, पण कंबर धरली, तर ही म्हणाली मी बैल होते. असं म्हणून तो हसला, मामीही हसली. हौशीरामनं पुढं होऊन तिच्या खांद्यावरचा दोर काढून घेतला. दोराला मामीच्या तळव्याचं रक्त लागलेलं होतं. त्यानं दोन डबे ओढले, तिसरा ओढला. चौथ्याला तो मधेच थांबला, आणि ते काही कष्टानं नव्हतं. धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं माणसाला का वाटतं ते त्या दिवशी त्याला कळलं.

तो दोर टाकून घरी पळाला. गंजी उपसली, कॅन खांद्यावर घेतला आणि विहिरीवर आला. आता तरी खरं बोलावं की नाही? सगळी वाट तो खरंच बोलायचं म्हणून आला होता. पण कॅन बघून मामा असा काही आनंदला, की हौशीरामची जीभ पुन्हा फिरली. बाळासो मिस्त्रीनं आत्ताच माणूस पाठवून डिझेल धाडलं, असं तो बोलून गेला.

इंजिन सुरू झालं. इतक्या दिवसांनी तो आवाज ऐकून मळ्यातली माणसं कामं टाकून आली. मामानं प्रत्येकाला थांबवून सांगितलं, भाच्यानं दौंडच्या मिस्त्रीपुढं पदर पसरला म्हणून हे आलं. घरात न्यायचं नाही, विहिरीवर आणायचं, असं बोलला होता ना? तसंच केलं बघा. लोकांनी हौशीरामची पाठ थोपटली. कुणीतरी घरून कुंकू आणलं. मामीनं तिच्या त्या सोललेल्या हातानं त्याला कुंकू लावलं. पाटानं पाणी धावत होतं, सगळे पाण्याकडं बघत होते. हौशीराम इंजिनाशी वाकून बसला आणि नसलेला बिघाड शोधत राहिला.

पाणी पोचलं, पण चार दिवस फुकट गेले होते. विहिरीजवळचं रान जरा ओलाव्याचं, तिथला गहू सावरला. पलीकडचा अर्ध्याहून अधिक हलक्या जमिनीतला, त्यातलं दूध आटून गेलं होतं. त्याला पाणी दिलं ते नुसतं मातीला दिलं. कांद्याचं म्हणाल तर त्याची पाळी पुढं आली आणि तो जगला. रस्त्यानं जाणारे म्हणायचे, मिस्त्रीचा कांदा बरा दिसतोय हां.

होळीनंतर खळं झालं. मळणीला बैल नव्हते, म्हणून दोघांनी काठ्यांनी बडवून गहू काढला. हौशीराम रोज जाऊन बडवायला लागायचा. हाताला फोड आले तरी थांबायचा नाही. मामी बस म्हणाली तरी ऐकायचा नाही. उफणणी झाल्यावर खळ्यावर दोन राशी पडल्या. एक लहान, टपोऱ्या सोनेरी दाण्यांची. दुसरी मोठी, चिंबलेल्या दाण्यांची. हातात घेतला तर वजनच लागायचं नाही, फुंकर मारली तर उडून जायचा.

पूर्वीची रीत अशी होती की राशीतलं पहिलं सूप मोट शिवणाऱ्याला जायचं. पाणी त्याच्या हातामुळं आलं म्हणून बलुत्यातला तो मान त्याचा. मामानं लहान राशीला हात जोडले, टपोऱ्या गव्हानं सूप शिगोशीग भरलं आणि हौशीरामपुढं धरलं. तो म्हणाला, "आता मोट न्हाई. आता पाणी मिस्त्रीच्या हातानं येतं. मान तुझा."

हौशीरामनं मागं सरून मोठ्या राशीकडं बोट दाखवलं. त्यातलं द्या म्हणाला. मामाला त्याचा रागच आला. मानाचं सूप चिंबलेल्या दाण्याचं भरतात का रे, असं म्हणून त्यानं ते सूप त्याच्या धोतराच्या ओच्यात ओतलं आणि पोती आणायला घराकडं गेला. खळ्यावर मामी आणि हौशीराम दोघंच राहिली.

तो ओचा धरून उभा होता. मग तो मामीपुढं खाली बसला. म्हणाला, "मामी, कुणी माणूस आला नव्हता. चार दिस ते माझ्या घरात व्हतं. कांद्यापायी."

मामी राशीतले खडे वेचत होती. तिनं वर बघितलं नाही. म्हणाली, "ठावं हाय. धावंवरनं रस्ता समदा दिसतो. खाली उतरले की मी रस्त्याकडंच बघत व्हते, कुणी येतंय का म्हणून. कुणी आलं न्हाई."

त्यानं विचारलं की मग बोलली का नाहीस? त्याला वाटलं होतं ती रागावेल, शिव्या घालेल, दोन थोबाडीत देईल. दिल्या असत्या तर बरं झालं असतं. तिनं खडे वेचायचं थांबवलं. "त्यांना सांगू नगंस," ती म्हणाली. "बैल गेल्यापास्नं त्यांच्याकडं सांगायला तेवढंच हाय, भाच्यानं पाणी आणलं म्हणून. ते काढून घेऊ नगंस." मग ओच्याकडं बघून म्हणाली, "आन् हे कुणाला देऊन टाकू नगंस. दळून आण. खा."

हौशीरामनं ते दळून आणलं. पाडव्याला मामा-मामीला जेवायला बोलवायचीच रीत होती, ती अंजनानं मोडली नाही. दोघं आली. पानात त्या गव्हाच्या पोळ्या पडल्या. मामानं घास मोडला, चावला आणि मान डोलावली. पोळी काय फुगलीय, अशी आमच्याकडं होत नाही, आमची आपली काळी आणि चिवट होते, असं तो मामीकडं बघून चेष्टेनं म्हणाला. मामी खाली मान घालून जेवत राहिली. अंजना उठून चुलीकडं गेली.

हौशीरामच्या पानातली पोळी तशीच होती. मामानं ते बघितलं. आपल्या पानातली अर्धी पोळी मोडून भाच्याच्या पानात टाकली आणि म्हणाला, "खा रं. तुझ्याच पाण्याची हाय."

मामी बघत होती. हौशीरामनं तो तुकडा उचलला आणि खाल्ला.